सीरमच्या काउंटरवरची थोरली

जगातल्या बायका वय चोरतात. छोटीचं सगळं उलटं. ती वय वाढवून सांगायची, तेही थोडंथोडकं नाही, चांगलं बारा-तेरा वर्षांनी, आणि तेही पोटासाठी.

छोटी हे घरचं नाव. त्रेचाळिसाव्या वर्षी ते कुणालाही शोभलं नसतं. पण त्या नावानं हाक मारणारं माणूस जगात एकच होतं, तिची थोरली बहीण, आणि तिला कोण समजावणार? दोघी दोन खोल्यांत राहायच्या. छोटीचं लग्न झालं होतं, पण टिकलं नाही. एका दुपारी ती बॅग घेऊन ताईच्या दारात उभी राहिली, तेव्हा ताईनं बॅग आत घेतली आणि "जेवलीस का?" एवढंच विचारलं. ताईचं लग्न झालंच नव्हतं. का नाही, हे छोटीनं कधी विचारलं नाही. जे आयतं मिळतं त्याची चौकशी कोण करतं? ताई घरात होती, जशी भिंत होती, जसा नळ होता.

छोटी कामाला होती सौंदर्यप्रसाधनांच्या एका मोठ्या दुकानात. काचेचं दार, आत गारेगार हवा, आणि शिरल्याशिरल्या डाव्या हाताला तिचा काउंटर. त्यावर विकायला एकच गोष्ट: व्हिटॅमिन सीचं सीरम. गडद तपकिरी काचेची बोटभर बाटली, वर रबरी ड्रॉपर. छोटीला त्याचं सगळं तोंडपाठ. सकाळी चेहरा धुऊन कोरडा करायचा, तीनचार थेंब घ्यायचे, चोळायचं नाही, हलकं थापायचं. जरा चुणचुणेल, घाबरायचं नाही. मग मॉइश्चरायझर, आणि त्यावर सनस्क्रीन, नाहीतर सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाटली उजेडात ठेवायची नाही, झाकण उघडं टाकायचं नाही, आणि पाण्यासारखं सीरम चहासारखं दिसायला लागलं की फेकून द्यायचं.

सीरम वाईट नव्हतं, हे सांगायलाच हवं. महिनोन्महिने नेमानं लावलं तर डाग थोडे फिके होतात, बारीक रेषा जरा मऊ पडतात, चेहऱ्यावर थोडा तजेला येतो. पण 'थोडा' आणि 'जरा' या शब्दांवर बाटली खपत नाही. सुरुवातीला छोटी खरं तेच सांगायची. एका बाईनं सगळं ऐकून घेतलं, तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः लावता?"

"रोज."

"वय काय तुमचं?"

"त्रेचाळीस."

"हं. वाटतंच," बाई म्हणाल्या आणि लिपस्टिककडे वळल्या.

गल्ल्यावर बसलेल्या मालकानं ते ऐकलं. मालक तसा वाईट माणूस नव्हता. त्याच्या जिभेवर साखर असायची आणि नजर हिशेबावर. संध्याकाळी तो गोड आवाजात म्हणाला, "बाई, हा काउंटर चालला नाही तर मी इथं नेलपॉलिशचा स्टँड लावतो. स्टँडला पगार लागत नाही." छोटी रात्रभर कूस बदलत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाला तिनं छप्पन्न वर्षं सांगितली. गिऱ्हाइकानं आ वासला तो बाटली पिशवीत पडेपर्यंत मिटला नाही.

मग काय विचारता! एकदा वय वाढलं म्हटल्यावर बाकीचंही वाढवणं आलं. तिनं कपाळावरची एक बट रंगवायची सोडून दिली, म्हणजे छप्पन्नाला पुरावा झाला. कुणीतरी नातवंडांबद्दल विचारलं, तेव्हा तिला नातू झाला. पुढे तो शाळेत जाऊ लागला, एकदा त्याला गोवरही आला. जिला मूलबाळ नाही ती बाई नातवाच्या खोड्या सांगू लागली, आणि गिऱ्हाइकं कौतुकानं ऐकू लागली. छोटीला थोडी लाज वाटायची, पण ती लाज सोसण्याजोगी होती. आपल्या वयाचं आपण खोटं बोलतो, त्यात कुणाचं काय जातंय, असं ती मनाला सांगायची.

ज्या दिवशी कुणाचं तरी गेलं, त्या दिवशी काउंटरवर एक चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या. पक्कं गिऱ्हाईक. बाटली उजेडाकडे धरून झाली होती, मागचा बारीक मजकूर वाचून झाला होता. शेवटी म्हणाल्या, "तुमचा चेहरा छान आहे, नाही म्हणत नाही. पण हे बाटलीनं झालं कशावरून? तुमच्या घराण्यातच असेल. काही घरांत म्हातारपण उशिरा येतं."

छोटीनं नुसतीच बाटली पुसली. आणि नेमकी तेव्हाच काच ढकलून ताई आत आली. छोटी सकाळी किल्ली विसरून गेली होती. ताईला त्या दिवशी कामावर थांबावं लागणार होतं, म्हणून ती किल्ली द्यायला आली होती, चालत, भर उन्हातून.

ताई एका मोठ्या लाँड्रीच्या गच्चीवर कामाला. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी खालून पिळून यायच्या, त्या झटकायच्या, दोरीवर ताणायच्या, चिमटे लावायचे, वाळल्या की घड्या घालून खाली पाठवायच्या. डोक्यावर ऊन आणि समोर पांढऱ्याफेक चादरींवरून उलटून येणारं ऊन. वयाच्या चौदाव्या वर्षापासून ती ते खात होती. गालांवर तपकिरी डागांचे नकाशे, कपाळावर खोल आठ्या, डोळे बारीक करून करून त्यांच्या कडांना पडलेलं जाळं. वय एक्कावन्न, पण पासष्ट म्हटलं तरी कुणी हटकलं नसतं. नाक मात्र दोघींचं एकच, अगदी साच्यातून काढलेलं.

चष्मेवाल्या बाईंनी एक नाक पाहिलं, मग दुसरं. "या तुमच्या कोण?"

आणि छोटीच्या तोंडून निघून गेलं, "धाकटी बहीण."

शब्द सुटल्यावर थांबायचं, तर ती पुढेच गेली. "घराण्याचं म्हणत होतात ना? आता तुम्हीच बघा. एक आई, एक बाप, एकच घर. ही माझ्यापेक्षा लहान. हिनं कधी तोंडाला काही लावलं नाही."

ताई किल्ली धरून उभी होती. तिनं छोटीकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग त्या बाटलीकडे. छोटीला वाटलं, आता ताई म्हणणार, अगं शहाणे, काय बोलतेस? म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण ताईनं किल्ली काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "मला कुठला वेळ असतो असलं काही करायला? ही घे किल्ली, ताई."

ताई! ज्या शब्दानं छोटीनं तिला आयुष्यभर हाक मारली होती, तो शब्द तिनं काढून छोटीला देऊन टाकला, आणि दार ढकलून उन्हात निघून गेली. चष्मेवाल्या बाईंनी दोन बाटल्या घेतल्या.

घरी जाताना छोटीचे पाय उचलत नव्हते. ताईनं चार शब्द सुनवावेत, हवं तर दोन फटके द्यावेत, असं तिला वाटत होतं. ताई मात्र ताट वाढता वाढता नव्या चिमट्यांबद्दल बोलत होती. प्लास्टिकचे आणलेत, उन्हानं तडकतात, कुणाच्या डोक्यातून निघालंय कोण जाणे.

"ताई, आज दुकानात..." छोटीनं सुरुवात केली.

"घेतलं का त्या बाईनं?"

"दोन."

"मग झालं तर. जेव."

"अगं, पण मी तुला..."

"अगं, शब्दच तो. त्यानं काय मी खरंच धाकटी झाले? भाजी घे अजून." ताई हसलीसुद्धा. पण जेवण झाल्यावर ती बराच वेळ मोरीपाशी होती. छोटी पाणी प्यायला उठली तेव्हा ताई घासलेल्या ताटात तोंड पाहत होती. एक बोट गालावरच्या डागावर होतं. छोटीची चाहूल लागताच तिनं ताट फळीवर ठेवून दिलं. छोटी पाणी न पिताच मागे फिरली. तिला स्वतःची किळस आली होती, अगदी खरीखुरी, तोंड कडू करणारी.

एवढ्यावर भागलं असतं तर हे सांगायचं कारण नव्हतं. पण मालकानं गल्ल्यावरून सगळं पाहिलं होतं. "बाई, काय डोकं लावलंत!" तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "त्या बहिणीला शनिवारी दुपारी आणा की. गर्दी असते. काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. एक इकडे, एक तिकडे. लोक बघतील आणि समजतील."

छोटीनं नाही म्हणायला हवं होतं. नाही हा शब्द एवढासा, पण तिच्या घशात नेलपॉलिशचा स्टँड आडवा आला. तिनं ताईला सांगितलं, तेही आडवळणानं. मालक असं म्हणत होता, वेडाच आहे, तू काही मनावर घेऊ नकोस. ताईनं नाही म्हणावं, म्हणजे आपल्याला म्हणायला नको, असा तिचा हिशेब. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची सवय तिला तशी लहानपणापासूनची.

ताई म्हणाली, "शनिवारी अर्धा दिवस मागून घेते."

आणि शनिवारी ती आली. कपाटातले ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बांधून, आणि तोंडाला पावडर लावून. चांगला जाड थर. चार लोकांत यायचं, बहिणीच्या दुकानात उभं राहायचं, तर तिनं आपल्या परीनं नटून घेतलं होतं. मालकानं तिला पाहिलं, छोटीला बाजूला बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाला, "ते तोंडावरचं तेवढं पुसून घ्यायला सांगा. डाग दिसायला हवेत ना."

छोटी ताईला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथं खोक्यांच्या ढिगाशेजारी एक बेसिन होतं.

"ताई, तोंड धुतेस का जरा?"

"का गं? फार झाली का पावडर?"

छोटीनं बेसिनवरचं एक खोकं बाजूला केलं. ताईला कळायला वेळ लागला नाही. "हां, हां," ती घाईनं म्हणाली, जणू चूक तिचीच होती. "खरंच की. माझ्या लक्षातच आलं नाही बघ." तिनं नळ सोडला. पाणी पावडरीसकट पांढरं होऊन खाली गेलं. छोटीनं रुमाल पुढे केला आणि दुसरीकडे पाहिलं. त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेती तर ती आनंदानं गेली असती. पण धरणीला इतर कामं असतात. बाहेरून मालकानं हाक मारली.

काउंटर जोरात चालला. एका बाजूला छोटी, दुसऱ्या बाजूला ताई. "ही धाकटी," छोटी म्हणायची, आणि ताई मान डोलवायची. बायका एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नजर फिरवायच्या, चुकचुकायच्या आणि पर्स उघडायच्या. एक मुलगी तर ताईच्या तोंडासमोर मैत्रिणीला म्हणाली, "बाप रे, असं होतं?" ताई तिच्याकडे बघूनही हसली.

मग एक काठीवाल्या आजी आल्या. त्यांनी छोटीचं सगळं बोलणं ऐकलं, दोन्ही चेहरे पाहिले, पण पर्स उघडली नाही. काठी जमिनीवर आपटून त्यांनी छोटीलाच धारेवर धरलं.

"तुम्ही मोठ्या ना?"

"हो."

"मग लाज नाही वाटत? इतकी वर्षं स्वतःच्या तोंडाला थेंब थापत बसलात, आणि पाठच्या बहिणीचे हे हाल? थोरली म्हणवता! थोरलीनं आधी धाकटीचं बघायचं असतं."

आजूबाजूच्या बायका थांबल्या. छोटीचा चेहरा कानापर्यंत पेटला. आजी जे बोलत होत्या ते सगळं चुकीचं होतं आणि सगळं बरोबर होतं.  तेवढ्यात ताई पुढे झाली. दुपारभर नुसती मान डोलवणारी ताई, पण छोटीला कुणी बोललेलं तिला कधीच खपलं नव्हतं.

"आजी, माझ्या ताईला बोलू नका," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक नाही तिनं काय केलंय ते. आई गेली तेव्हा मी एवढीशी होते, पहिलीतली. ताईचं पण काही वय नव्हतं. तिनं शाळा सोडली, चादरी वाळवायच्या कामाला लागली, आणि मला शाळेत घातलं. माझी वेणीफणी, डबा, सगळं करून मग उन्हात जायची."

"असं?" आजींचा आवाज थोडा उतरला.

"तर काय! दोन वर्षांनी तिला लाँड्रीतच खाली काउंटरवर बसायला सांगत होते. कपडे मोजून घ्यायचे, पंख्याखाली. पण ते काम संध्याकाळपर्यंतचं. गच्चीवरचं कसं, चादरी वाळल्या की दुपारीच मोकळं. माझी शाळा सुटायच्या वेळेला फाटकापाशी कुणीतरी हवं ना? मी एकटी घाबरायची. म्हणून तिनं सांगितलं, मला आत कोंडल्यासारखं होतं, मी गच्चीवरच बरी." ताई एका दमात बोलत होती. "पुढे तिला एक स्थळ आलं होतं. चांगला माणूस होता, तिलाही आवडला होता. ती म्हणाली, धाकटी माझ्याबरोबर येईल. ते लोक म्हणाले, नाही. मग तीही म्हणाली, नाही. मला तिनं यातलं काही तेव्हा कळूसुद्धा दिलं नाही. मी उन्हात राबले ते पुढे माझ्या हट्टानं. त्यात हिचा काय दोष?"

छोटी ऐकत होती. आत कोंडल्यासारखं होतं, हे वाक्य तिनं लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं आणि ताईला मोकळी हवा आवडते असंच ती समजत आली होती. शाळेच्या फाटकापाशी उभी असलेली ताई तिला आठवली, लाल झालेल्या तोंडाची, घामेजलेली. मैत्रिणींसमोर तिचा हात धरायला आपण टाळत होतो, हेही आठवलं. आणि तो आवडलेला माणूस कोण होता, हे तिला माहीत नव्हतं. ताईनं आपलं सगळं आयुष्य आत्ता या काउंटरवर तिच्या नावानं मांडलं होतं, तिला कुणी रागावू नये म्हणून.

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या छोटीकडे वळल्या. "खरं का गं हे? एवढं केलंस तू हिच्यासाठी?"

छोटीनं तोंड उघडलं. मालक गल्ल्यावरून मान वर करून बघत होता. ताईनं तिच्याकडे पाहून किंचित मान हलवली: हो म्हण.

"हो," छोटी म्हणाली.

आजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि सुरकुतलेल्या बोटांनी छोटीचा गाल कुरवाळला. "तरीच. तरीच म्हटलं, एवढं तेज कुठून आलं चेहऱ्यावर. हे बाटलीतलं नाही, पोरी. ज्यानं दुसऱ्यासाठी जीव जाळला त्याच्याच तोंडावर दिसतं हे." मग त्या ताईला म्हणाल्या, "नशीब काढलंस हो, अशी बहीण मिळाली." त्यांनी बाटली जागेवर ठेवली. "मला काही याची गरज नाही." आणि काठी टेकत दाराबाहेर गेल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी, डोळे पुसत, हात हलवत, बाटली न घेता निघाल्या.

ताई काउंटरवर वाकली आणि हळूच म्हणाली, "गेल्या की गं. माझंच चुकलं, जास्त बोलले. पुढच्या शनिवारी गप्प उभी राहीन."

 छोटी काउंटरच्या मागून बाहेर आली. दाराकडे धावली, पण आजी गर्दीत दिसेनाशा झाल्या होत्या. ती परत वळली, आणि दुकानाच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "ही माझी मोठी बहीण आहे. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. ते सगळं हिनं केलंय. माझ्यासाठी."

 ज्यांनी मघाचं ऐकलं होतं त्या बायका निघून गेल्या होत्या. ज्या उभ्या होत्या त्यांना कशाचा कशाला पत्ता नव्हता. एकीनं खांदे उडवले. एकीनं विचारलं, "बरं, ते सनस्क्रीन कुठे ठेवलंय?" मालक उठून उभा राहिला होता. छोटीला मान वर करवेना. खरं बोलायलाही तिनं अशीच वेळ गाठली होती, जेव्हा ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

ताईनं मघाचाच रुमाल काढला, तिचं रडून वाहणारं नाक पुसलं, जसं शाळेच्या फाटकापाशी पुसायची.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "आता गिऱ्हाईक बघ."